फाळका नाकासमोर, नजर मोबाईलमध्ये

केबिन उत्तम झाली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे तुला गोड काही ऐकायला मिळणार नाही. दरवाज्यांच्या फटी सरळ आहेत. काचेच्या रबराची रेघ बारीक आहे. रंगावर संत्र्याच्या सालीसारखं ऑरेंज पील नाही, धुळीचा कण नाही. चाकणच्या पेंट शॉपमध्ये पगार घेणाऱ्याला शोभेल असं काम. टाटा ४०७ आहे हे लांबूनही कळतं. १९८६ साली ही गाडी रस्त्यावर आली ती आपल्या पुण्याच्या कारखान्यातून, आणि तिचं १:२४ प्रमाणातलं मॉडेल आपल्याच भागातल्या पोराने प्लास्टिकच्या शीटमधून कापून उभं केलं, याचा मला आनंद आहे. झाला आनंद. आता गाडी फिरव आणि मागची बाजू दाखव.

हा हौदा कुणी रंगवला? तूच? ज्या हातांनी केबिन रंगवली त्याच हातांनी?

चॉकलेटी रंग फासलास, त्यावर काळ्या रेघा ओढल्यास, वर चकचकीत लॅकर मारलास आणि म्हणालास, हे लाकूड. अरे, हौद्याला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलायस तू! सगळ्या फळ्यांवर त्याच रेघा, त्याच अंतरावर. उभ्या खांबांवर आडवे रेषे. ते का? कारण ब्रश आडवा चालला होता आणि तो थांबवून काटकोनात फिरवायचा तुला कंटाळा आला. रेषे आडवे ठेवून खांब कापणारा सुतार दाखव मला. पहिल्याच खड्ड्यात तो खांब काटकन मोडेल. पोती रस्त्यावर, सुतार घरी.

आता सबबी सुरू होतील. तू नको बोलूस, मीच म्हणतो. मला त्या तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

वेळ मिळत नाही. शिफ्ट असते. चाकण चौकात बस तासतासभर अडकते, घरी पोचेपर्यंत जीव जातो. बरं. बस अडकते तेव्हा तुझ्यासमोर काय उभं असतं? ट्रक. ट्रकच्या मागे ट्रक. तळेगाव चौकापासून थेट मागेपर्यंत. त्यातले सगळे काही पत्र्याच्या बॉडीचे नसतात. विटांचे, वाळूचे, कांद्याचे, भंगाराचे जुने हौदे असतात, लाकडी फळ्यांचे, उन्हापावसात वर्षानुवर्षं भाजलेले. त्यांचा मागचा फाळका तुझ्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर असतो. फुकट, भरउजेडात, न हलता. आणि तू त्या वेळी काय करतोस? मान खाली घालून मोबाईलवर परदेशातल्या कुणाचा तरी व्हिडिओ बघतोस. विषय, फाळका कसा रंगवावा! काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण शाळेत पाठ केली होतीस ना? की तीही परीक्षेपुरतीच?

कंपनीत तुम्ही गेम्बा वॉक करता. जिथे काम चालतं तिथे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा, ऑफिसात बसून अंदाज बांधू नका, असं नव्या पोरांना तूच बजावतोस. मग घरी आल्यावर ते डोळे कुठे ठेवतोस? लॉकरमध्ये? पिवळ्या जॅकेटबरोबर?

तुमची ती व्हाय-व्हाय करू या का? फळ्या सगळ्या एकसारख्या का? तर रंग एकच कालवला म्हणून. एकच का कालवला? लाकूड तपकिरी असतं हे तुला 'माहीत' होतं म्हणून. कुठून माहीत होतं? लहानपणी रंगपेटीतून. जुन्या हौद्याची फळी कधी समोर धरून पाहिलीस? नाही. का नाही? आता चार का झाले, पाचवा विचारला की तू खाली बघतोस. रिपोर्टमध्ये या जागी काय लिहिता तुम्ही? 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' लिहिलेलं तुझा मॅनेजर चालवून घेत नाही ना? मग मी का घेऊ?

फळी पाहिली असतीस तर पहिल्यांदा काय दिसलं असतं, सांगतो. ती तपकिरी नसते. राखाडी असते. उन्हातली अतिनील किरणं लाकडातलं लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि वर उरतो तो सेल्युलोजचा फिका, रुपेरी झाक असलेला थर. नवीन करवतलेली फळी पिवळसर, जुनी फळी राखाडी, आणि जुन्या फळीला कुठे ताजा ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी आतलं पिवळं लाकूड डोकावतं. चॉकलेटी रंग या सगळ्यात कुठेच नाही. तो दुकानातल्या सनमायकावर असतो.

तुझ्याच बॅचचा तो दुसरा शहाणा जहाज घेऊन आला होता. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' फ्रिगेट. १८१७ची, सागवानी, आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. विषय किती तोलामोलाचा! आणि डेक कसा? तांबूस, पॉलिश केलेल्या दिवाणासारखा. मी विचारलं, बाबा रे, खाऱ्या पाण्याने रोज धुतला जाणारा डेक असा राहील का? तर म्हणे, सागवान आहे ना सर. सागाच्या अंगच्या तेलाने लाकूड टिकतं, रंग टिकत नाही. पण हे कळायला बोट लावून पाहावं लागतं. त्याने खोक्यावरचं चित्र पाहिलं. तू तेवढंही केलं नाहीस.

दुसरी गोष्ट दिसली असती ती बोल्टांची. तू प्रत्येक बोल्टाखाली नारिंगी गंजाचा ओघळ सोडलायस. सुंदर ओघळ, व्हिडिओत असतात तसे. पण लाकडात टॅनिन असतं, त्याला ओलसर लोखंड भेटलं की निळसर काळा डाग पडतो. बोल्टाभोवती लाकूड काळं पडतं आधी. बाभळीच्या फळीवर तर विचारूच नकोस. गावाकडे जुन्या बैलगाडीचं चाक पाहिलं असशील, लोखंडी धाव जिथे लाकडाला चिकटते तिथली काळी कड आठवते? नाही आठवत. शर्यतीच्या घाटात भंडारा उधळायला गेला होतास, चाकाकडे बघायला नव्हे.

तिसरी गोष्ट. हौदा बाहेरून रंगवलेला असतो, आतून बहुतेक वेळा उघडा. बाहेर पिवळा, निळा, वेलबुट्टी, 'हॉर्न ओके प्लीज'. आत नागडं लाकूड, घासलेलं, माल ओढून ओढून मधोमध उजळलेलं, कडेला मळलेलं. तू आतबाहेर एकच रंग मारलास. म्हणजे तुला ही गाडी कशासाठी वापरतात हेसुद्धा सुचलं नाही. तिच्यात कधी काही भरलंय असं या हौद्याकडे बघून वाटत नाही. शोरूममधून थेट तुझ्या टेबलावर!

आता मोजमापाकडे ये. इथे तुला पळायला वाट नाही, कारण तुझ्या खिशात व्हर्नियर असतो. ही काळी रेघ मोज. अर्धा मिलिमीटर? धर अर्धा. चोवीसने गुण. बारा मिलिमीटर. खऱ्या फळीवर अर्धा इंच रुंद काळी रेघ! याला रेषा म्हणत नाहीत, तडा म्हणतात. असे तडे एका फळीत सात. तुझ्या ४०७च्या हौद्यात विटा भरल्या तर त्या खाली पडतील. हा गुणाकार तुला येत नव्हता का? तिसरीतल्या पोराला येतो. येत होता. केला नाहीस. कारण केला असतास तर ब्रश खाली ठेवावा लागला असता.

मी पॅटर्न शॉपमधला माणूस. भोसरीच्या फाउंड्र्यांसाठी सागवानाचे पॅटर्न केले. ओतीव लोखंड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. आमच्या पट्टीवरच्या खुणाच तेवढ्या वाढवून कोरलेल्या असत. एका टक्क्याचा हिशेब चुकला तर कास्टिंग भंगारात जायचं आणि पॅटर्नवाल्याची इज्जत त्याच्या मागोमाग. या पट्ट्यात, या हवेत वाढलेला तू. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी वेंडरचा माल परत पाठवणारा तू. आणि स्वतःच्या टेबलावर चोवीसपट चूक चालवून घेतोस?

हिशेब पुढे कर. झाडाच्या वाढीची वलयं फळीवर समज तीन-तीन मिलिमीटरवर आली. चोवीसने भाग. मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे ०.१२५. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. म्हणजे तुझ्या फाळक्यावर रेष्यांमधलं अंतर एकदोन केसांएवढं हवं. हाताने ओढशील एवढ्या बारीक रेघा? कुणाच्या बापाला जमणार नाहीत. मग जे हाताने ओढता येत नाही ते ओढायला बसलासच कशाला? इथे डोकं चालवायचं असतं. ब्रशचा एक केस एक रेष सोडतो. म्हणजे रेघ तू काढायचीच नाहीस. ब्रशच्या केसांना काढू द्यायची. तू फक्त रंग ओढायचा. ऑइल रंगाची सगळी युक्ती एवढीच आहे, आणि ती मी तुला या टेबलावर करून दाखवली होती. तू तेव्हा फोटो काढत होतास.

आणि हे १:२४ साठी. उद्या १:७२चं विमान करायला घेशील, तेव्हा तीच वलयं ०.०४ मिलिमीटरवर येतील. डोळ्याला दिसणारच नाहीत. तिथे रेषे रंगवायचेच नसतात, फक्त फळीफळीच्या रंगात फरक ठेवायचा. कुठे थांबायचं हेही प्रमाणच सांगतं. पण त्याला विचारायला हवं ना?

पुढची सबब. परदेशी रंग मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. नाचता येईना अंगण वाकडे. बर्न्ट अंबर, रॉ सिएना, यलो ओकर आणि पांढरा. चार ट्यूब. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅम्लिनच्या घे, चिंचवडमधल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतील. शाळेत वॉटरकलरची पेटी कुणाची होती? त्यांचीच. तेव्हा चालली, आता तुला डबीवर जपानी अक्षरं हवीत. एअरब्रशला पैसे होते ना? तो कॉम्प्रेसर पलंगाखाली आहे. या कामात त्याची गरज पायाभूत थरापुरतीच, तोही ब्रशने देता येतो.

पायाभूत थर! इथे तर मला राग आवरत नाही. खाली हार्डवेअरच्या दुकानातला सिंथेटिक इनॅमल मारलास. त्याच्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला ऑइल रंग. दोन्हींना पातळ करणारं द्रव्य एकच! खालचा थर उठणार नाही तर काय होणार? उठला, वरच्यात मिसळला, चिखल झाला. चिखल दिसू नये म्हणून तू वर काळ्या रेघा ओढल्यास. बरोबर ना? चेहऱ्यावर दिसतंय. ई-कोटवर सरफेसर, सरफेसरवर बेस, बेसवर क्लिअर, कुठला थर कशावर बसतो आणि कशावर उठतो हे रोज आठ तास ज्याला तोंडपाठ असतं, त्याने घरी हा उद्योग करावा? कंपनीत एखाद्या अप्रेंटिसने असं केलं असतं तर तू त्याला काय म्हणाला असतास? तेच स्वतःला म्हण. मोठ्याने म्हण हवं तर.

पुन्हा सांगतो. शेवटचं. आणि फोन खिशात ठेव.

फळ्या सुट्या असतानाच रंगवायच्या. रंग देण्याआधी प्लास्टिकवर शंभर नंबरचा पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने ओढायचा. घासायचा नाही, ओढायचा. एकाच दिशेने. मग चारशे नंबरने वरवरची लव काढायची. यामुळे रंगाला धरायला बारीक खाचा मिळतात. मग पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक, फिका, पिवळसर राखाडी. तीन वाट्यांत तीन छटा, एक जरा पिवळी, एक जरा राखाडी, एक जरा गुलाबट. फळ्या त्यांत वाटून टाकायच्या, शेजारीशेजारी एकच छटा येऊ द्यायची नाही. बॉडी बांधणारा सगळ्या फळ्या एकाच झाडाच्या थोड्याच आणतो? मधली एखादी फळी कुजली की तेवढी बदलतो, ती वेगळ्याच लाकडाची असते. तुझ्या फाळक्यात अशी एक फळी तरी आहे का? ती एक असती ना, तर मी अर्धं बोलणं गिळलं असतं.

थर दिवसभर वाळू द्यायचा. ऑइल रंग ट्यूबमधून थेट ब्रशवर नाही घ्यायचा. पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवायचा, जादा जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन टाकतो. मग फळीवर ठिपके द्यायचे, सारखे नाही, कुठे अंबर जास्त, कुठे सिएना. आणि कोरडा, राठ, चपटा ब्रश घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात ओढायचा. मध्ये उचलायचा नाही. हात किंचित थरथरला तर थरथरू दे, झाड काही पट्टी लावून वाढत नाही. ब्रश पुसायचा, पुन्हा ओढायचा. जास्त रंग निघून गेला पाहिजे. लाकूड जे उरतं त्यात असतं, जे लावलं त्यात नाही. गाठ हवी असेल तर अख्ख्या फाळक्यात एकदोन, आणि रेषे तिला वळसा घालून गेले पाहिजेत. तू गाठी काढल्यास त्या रेघांच्या मधोमध ठिपके ठेवून. ती गाठ नव्हे, गोवर.

आणि मग हात लावायचा नाही. ऑइल रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्याला दिवस लागतात. अंबर त्यातल्या त्यात लवकर वाळतो, त्यात मँगनीज असतं. पांढरा मिसळलास तर आणखी थांब. तू काय केलंस? रात्री रंगवला, सकाळी लॅकर मारला, संध्याकाळी ग्रुपवर फोटो. पी हळद आणि हो गोरी. लॅकर मारलास तोही भर जुलैत, खिडकी उघडी, बाहेर धो धो. हवेतली ओल थरात अडकली आणि कोपऱ्यात पांढुरकी झाक आली. तिला काय म्हणतात तुला माहीत आहे, ब्लशिंग. तुझ्या बूथमध्ये आर्द्रतेचा आकडा भिंतीवर लावलेला असतो, तो मर्यादेबाहेर गेला तर तू लाईन सोडत नाहीस. घरी? घरी पाऊस दोषी. पावसाने सांगितलं होतं का चकचकीत लॅकर मार म्हणून? ट्रकच्या फाळक्याला कुणी लॅकर मारतं का? मॅट, आणि तोही अगदी हलका.

अजून एक आहे. फळीची कड. फळीला जाडी असते, टोक असतं. टोकावर लांब रेषे येत नाहीत, तिथे झाड आडवं कापलेलं दिसतं, वलयांचे तुकडे, जरा गडद, कारण टोकाकडून लाकूड पाणी आणि मळ जास्त पितं. तू रेघ पुढून आणलीस आणि तशीच कडेवरून खाली वळवलीस. हे मी पूर्वी पाहिलंय, कुठे माहितेय? गाड्यांच्या डॅशबोर्डवर. तिथलं खोटं लाकूड कसं करतात ते मी तुला सांगायला नको. पाण्यावर छापील फिल्म सोडायची, ॲक्टिव्हेटर फवारायचा, फिल्म विरघळून शाई तरंगत राहिली की पार्ट हळूहळू बुडवायचा. शाई सगळीकडून गुंडाळते. कडेवर ताणली जाते. दोन्ही दरवाज्यांवर गाठ एकाच जागी येते. गिऱ्हाईक बोट फिरवून म्हणतं, प्लास्टिक आहे. का कळतं त्याला? कारण कड खोटी आणि गाठ दुहेरी. तू स्वतः एकदा मला हे समजावून सांगितलं होतंस, तोंड वाकडं करून, 'सर, फसवणूक आहे नुसती'. मशीनने केली तर फसवणूक. तू हाताने केलीस तर कला?

आता वरून फासलेल्या त्या दुसऱ्या चिखलाविषयी. चाकांवर असायला हवा तो चिखल हौद्यावर अर्ध्या उंचीपर्यंत. वेदरिंग केलंय, म्हणतोस. खोटं बोलू नकोस. रंग बिघडला तिथेच नेमका चिखल बसलाय. पावसाळ्यात शेलपिंपळगावच्या रस्त्याने गेलेल्या ट्रकचा चिखल कसा उडतो ते बघ: चाकाच्या मागे, खालून वर, विरळ होत जाणारा. तो रंगाऱ्याची चूक हुडकून तिच्यावर जाऊन बसत नाही. रिवर्क लपवायला स्टिकर लावणाऱ्या माणसाला तू मेमो दिला होतास ना? बरं केलंस. स्वतःलाही एक देऊन टाक.

आणि शेवटी तुझं ब्रह्मास्त्र. 'सर, हौस आहे हो, नोकरी थोडीच आहे.'

हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. हौस आहे म्हणजे काय? कुणी मागितलं नाही, कुणी पगार देत नाही, कुणी डेडलाईन लावली नाही. म्हणजे घाई करायला एकही कारण उरलं नाही! नोकरीत वाईट काम करायला तुला शंभर कारणं आहेत: टार्गेट, मनुष्यबळ कमी, मटेरियल उशिरा, शिफ्ट बदलली. तिथे तू चोख. आणि जिथे तुला कुणीही अडवत नाही तिथे तू चुकार? उलटी गंगा कशी वाहते रे तुझ्याकडे? कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८पासून. भाऊसाहेब जोशींनी व्यवसाय सांभाळून हौसेपायी ते उभं केलं. जाऊन बघ एकदा, इंजिनांपुरतं नको, रुळांपाशी वाक, दिव्यांपाशी, माणसांपाशी वाक. त्या माणसाला कुणी ऑडिट लावलं होतं?

लांबून बघितलं की चांगलं दिसतं, हेही तू मघाशी पुटपुटलास. ऐकलं मी. मग केबिन का इतकी जवळून केलीस? काचेच्या रबराची रेघ कुणी लांबून बघणार आहे? केबिन तू जवळून केलीस कारण ती तुला येते. रंगवलेला पत्रा हा तुझा प्रांत. तिथे शाबासकी ठरलेली. लाकडापाशी आल्यावर तुला पुन्हा पहिलीत बसावं लागणार होतं, न येणारं काहीतरी शिकावं लागणार होतं, बिघडवावं लागणार होतं. ते नको म्हणून रेघा ओढून मोकळा झालास. मला वेळेचं कारण सांगू नकोस. वेळ तुला केबिनला मिळाला.

तुला येत नाही असं मी म्हणालो असतो तर गोष्ट वेगळी होती. या वर्गात असे दोघेतिघे आहेत, त्यांना मी एक शब्द बोलत नाही, चहा पाजतो आणि घरी पाठवतो. तुझ्यावर तासभर घसा कोरडा करतोय, तो का हे तुला कळत नसेल तर मात्र कठीण आहे.

काय करायचं ते ऐक. तुझ्या कंपनीच्या स्टोअरमागे मोडक्या पॅलेटचा ढीग असतो. पाइनच्या फळ्या. परदेशी मालाच्या खोक्यांवर तो गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो, शेजारी एचटी अशी अक्षरं. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलेलं, कीड मारायला. त्या शिक्क्याकडे तू रोज बघतोस, गेटपास तपासताना. आता शिक्क्याच्या शेजारची फळी बघ. रीतसर परवानगी काढून तिचा वीतभर तुकडा घेऊन ये. एक तुकडा उन्हात पडलेला, एक आत राहिलेला. दोन्ही शेजारीशेजारी ठेव आणि ते दोन रंग कालवून दाखव. फक्त रंग. मॉडेलला हात लावायचा नाही. रविवार पेठेत की भवानी पेठेत, कुठे टिंबर मार्केट आहे हे विचारत बसू नकोस, इतक्यात तिथे जायची गरज नाही. नंतर जाशील. भवानी पेठेत आहे.

बसमध्ये खिडकीची जागा पकड. फाळके बघ. रोज एक. साखळी जिथे घासते तिथे वरची कड कशी गुळगुळीत होते, ते मला येत्या रविवारी तोंडी सांगायचं. फोटो दाखवायचा नाही.

हा हौदा उतरव. इनॅमल काढायला एनसी थिनर लावण्याची अक्कल करशील म्हणून आधीच सांगतो: शीट वितळेल. काढत बसू नकोस, नव्या पट्ट्या काप. फाळका म्हणजे आहे काय, पाच पट्ट्या, दोन खांब, चार बिजागऱ्या. तुला एका संध्याकाळचं काम आहे आणि हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जुना हौदा मात्र फेकू नकोस. नव्याला ब्रश लावण्याआधी त्याच्या तळाच्या खालच्या बाजूवर सराव कर. जागा भरपूर आहे. ती बाजू रंगवायला तू विसरला आहेस.